ऑनलाइन पैसे गेले? आधी १९३०, मग बाकीचं

पैसे कापल्याचा एसएमएस आला की अनेक जण आधी त्या भामट्यालाच परत फोन लावतात, नाहीतर गूगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधतात. पहिल्यात वेळ जातो. दुसऱ्यात शोधात पेरून ठेवलेला खोटा नंबर लागला तर उरलेले पैसेही जातात. पहिला फोन करायचा तो १९३० ला. ही केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीची हेल्पलाइन.

घाई का, तर चोरलेली रक्कम एका खात्यात पडून राहत नाही. आधी ती कुणाच्या तरी नावावरच्या भाड्याच्या खात्यात, पोलिसांच्या भाषेत म्यूल खात्यात, जाते. तिथून तुकडे होऊन पुढच्या खात्यांत, आणि शेवटी एटीएममधून रोख किंवा क्रिप्टो. १९३० वर नोंद झाली की ज्या बँकेत पैसे पोचलेत तिला कळवलं जातं. शिल्लक असेल तेवढी रक्कम ती बँक गोठवते आणि बाकीची जिथे गेली त्या बँकेला निरोप पुढे जातो. म्हणजे ही शर्यत मिनिटांची आहे. दोन दिवस उलटले असले तरी फोन कराच, एखाद्या टप्प्यावर काही अडकलेलं असू शकतं.

फोन करताना हाताशी ठेवा: खाते किंवा कार्ड क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहार क्रमांक. यूपीआयमध्ये हा यूटीआर बारा अंकी असतो आणि ॲपच्या व्यवहार इतिहासात सापडतो. एकाहून जास्त व्यवहार झाले असतील तर प्रत्येकाचा वेगळा सांगा, सुटलेला व्यवहार शोधला जात नाही. लाइन लागत नसेल तर वाट बघत बसू नका, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर थेट तक्रार भरा. फोनवर नोंद झाली असली तरी मिळालेला पोचक्रमांक वापरून चोवीस तासांत पोर्टलवर सविस्तर तक्रार पूर्ण करायची असते. इथे बरेच जण थांबतात आणि तक्रार अर्धवट राहते. घटनेचं वर्णन साध्या वाक्यांत लिहा, विशेष चिन्हं टाळा, त्यांनी फॉर्म अडतो.

लगेच दुसरा फोन बँकेला. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तीच तक्रार ईमेलनेही पाठवा. कळवल्याची वेळ पुढे निर्णायक ठरते.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा गाभा असा: चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून मधल्या यंत्रणेतली असेल आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. चौथ्या ते सातव्या कामकाजी दिवसात कळवलंत तर साध्या बचत खात्यासाठी तो जास्तीत जास्त १०,००० रुपये. तुम्ही कळवलेली रक्कम बँकेने दहा कामकाजी दिवसांत तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा. पण तुम्हीच ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर होणारं बँकेचं. खोट्या शेअर ट्रेडिंग ॲपमध्ये किंवा ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने स्वतः पाठवलेल्या पैशांना हे कवच सहसा लागू होत नाही. म्हणून तिथे १९३० चं महत्त्व आणखी वाढतं. (डिजिटल अरेस्ट म्हणजे खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला अटक झालीय’ असं सांगून घाबरवतो तो प्रकार; भारतीय कायद्यात असं काही कुठेच नाही.)

एखादी एपीके फाइल (लिंक किंवा संदेशातून येणारी, ॲप टाकणारी फाइल) किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकलं असेल तर तो फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि वरचे सगळे फोन दुसऱ्या मोबाइलवरून करा. ॲप काढण्याआधी त्याचं नाव, आलेले संदेश आणि लिंक यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनमधली त्याची परवानगी काढा, नाहीतर ते अनइन्स्टॉलच होत नाही. पुरावे जपल्यावर फोन रीसेट करा. तुमचे कॉल भामट्याकडे वळवणारं कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असू शकतं. ##००२# डायल केलं की ते रद्द होतं. पासवर्ड बदला, पण स्वच्छ फोनवरून. व्हॉट्सॲपचं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ही तपासा. चॅट मात्र डिलीट करू नका. लाजेपोटी लोक तेच आधी करतात आणि पुरावाच पुसला जातो.

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. रक्कम मोठी असेल तर बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट, स्क्रीनशॉटचे प्रिंट आणि पोचक्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं सांगितलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात नोंद घेता येते, हे शांतपणे सांगा. नोंद घेतलीच नाही तर तेच निवेदन पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतं. गोठलेली रक्कम आपोआप परत येत नाही. त्यासाठी साधारणपणे न्यायालयात अर्ज करावा लागतो; तपास अधिकाऱ्याकडून कुठल्या खात्यात किती अडकलंय ते लेखी घ्या.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते; माहितीसाठी १४४४८.

काही आठवड्यांनी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येऊ शकतो, कधी पोलीस अधिकाऱ्याच्या फोटोसह. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. गोठलेली रक्कम सोडवायला पोलीस किंवा बँक अशी फी फोनवर मागत नाहीत. आधार-पॅनचे फोटो दिले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते पाहा आणि दोन-तीन महिने क्रेडिट रिपोर्टमध्ये अनोळखी कर्ज दिसतंय का ते तपासत राहा.