लोकल सर्व्हर चालू आहे, मग पान का उघडत नाही?

एचटीएमएल फाइलवर डबल-क्लिक करून पान बघायची सवय लवकर सोडा. साधं पान तसं दिसतं, म्हणून आपण निवांत राहतो. मग जावास्क्रिप्टचं मॉड्यूल जोडलं किंवा फेचने जेसन, म्हणजे डेटाची फाइल, आणायला गेलं, की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये कॉर्सची लाल ओळ येते. कॉर्स म्हणजे एका ठिकाणच्या पानाला दुसरीकडचं काय वाचू द्यायचं याचा ब्राउझरचा नियम. कोड बरोबरच असतो. पण थेट डिस्कवरून उघडलेल्या फाइलवर ब्राउझर विश्वास ठेवत नाही, त्याला पान सर्व्हरकडून, म्हणजे मागितलेली फाइल पुरवणाऱ्या प्रोग्रॅमकडून, आलेलं हवं असतं. तो आपल्याच लॅपटॉपवर चालवला की झाला लोकल सर्व्हर.

त्यासाठी फार काही लागत नाही. टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जायचं आणि पायथन थ्री, डॅश एम, एचटीटीपी डॉट सर्व्हर एवढी कमांड मारायची. पोर्ट ८००० वर, म्हणजे लॅपटॉपच्या त्या क्रमांकाच्या दारावर, सर्व्हर उभा. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच लॅपटॉप), कोलन, ८००० टाकलं की पान उघडतं. पीएचपीलाही ५.४ पासून स्वतःचा असा सर्व्हर आहे. दोन एचटीएमएल फायलींसाठी झॅम्प हे अख्खं सर्व्हर-पॅकेज टाकायला लावणारे क्लासवाले मला आजतागायत कळलेले नाहीत. एडिटरमधूनच सर्व्हर सुरू करणाऱ्या 'गो लाइव्ह' बटणाबद्दलही माझं मत चांगलं नाही. नंतर खुशाल वापरा, पण सुरुवातीला नको. बटण दाबणाऱ्याला आपण कुठल्या फोल्डरमधून कोणत्या फायली पुरवतोय याचा पत्ताच नसतो.

आता मला सगळ्यात जास्त रडवलेला प्रकार. सर्व्हर बंद करायला कंट्रोल सी. कंट्रोल झेड नाही! उबुंटूवर किंवा मॅकवर कंट्रोल झेड दाबलं की प्रॉम्प्ट परत येतो, त्यामुळे सर्व्हर बंद झाला असं वाटतं. प्रत्यक्षात तो फक्त थिजलेला असतो आणि पोर्ट ८००० सोडत नाही. पुन्हा सुरू करायला गेलात तर 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज', लिनक्सवर एरर क्रमांक ९८. ही एरर दिसली तर नशीब समजा. खरी गंमत एरर न दिसता होते. ब्राउझरमध्ये पान उघडायला जावं, तर 'कनेक्ट होत नाही' असंही तो म्हणत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम कनेक्शन घेऊन ठेवते, उत्तर देणारा मात्र गोठलेला. चक्र नुसतं फिरत राहतं.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी बसायचो. बाकी सगळी एमपीएससीवाली मुलं आणि सगळ्यांत मिळून एक वायफाय. चक्र फिरलं की शिव्या वायफायला. पण लोकलहोस्टला इंटरनेट लागतच नाही! वायफाय बंद करून बघा, सर्व्हर धड असेल तर पान तरीही उघडेल. न उघडल्यास टर्मिनलकडे बघा. ब्राउझरने काहीही मागितलं की तिथे एक ओळ उमटते: गेट, फाइलचं नाव, २०० (मिळाली) किंवा ४०४ (सापडली नाही). ओळच उमटली नाही, तर तुमची मागणी सर्व्हरने वाचलेलीच नाही. मग सीएसएस उसवत बसण्यात अर्थ नाही. त्याच टर्मिनलमध्ये 'जॉब्स' टाइप करा, थिजलेला सर्व्हर दिसेल. 'एफजी' म्हटलं की तो पुढे येतो, मग कंट्रोल सी.

हिंजवडीतला एखादा सिनिअर दादा म्हणेल, 'लॅपटॉप रीस्टार्ट मार.' त्यानेही सुटतं, हीच पंचाईत आहे. का सुटलं ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच.

फेव्हिकॉनचा, म्हणजे टॅबवरच्या छोट्या चित्राचा, ४०४ दिसला म्हणून घाबरू नका. ते चित्र ब्राउझर आपणहून मागतो, तुमचं काही बिघडलेलं नसतं. सीएसएस बदलूनही पान जुनंच दिसत असेल तर कंट्रोल शिफ्ट आर. हे सगळं हळूहळू हाताला लागतं.

एका बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. पायथनचा हा सर्व्हर आपणहून फक्त तुमच्या लॅपटॉपपुरता राहत नाही. फायरवॉल आड आली नाही, तर त्याच वायफायवरचा कोणीही तुमच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि ८००० टाकून आत येऊ शकतो. फोनवर पान तपासायला ही सोय झकास. पण घाईत होम फोल्डरमधूनच सुरू केलात, तर तिथे इंडेक्स फाइल नसल्याने सगळ्या फायलींची यादी उघडी पडते, डाउनलोड्समधल्या आधारच्या स्कॅनसकट. अभ्यासिकेत, कॅफेत, पीजीवर असाल तर कमांडच्या शेवटी डॅश डॅश बाइंड आणि १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हाच लॅपटॉप) जोडा. आणि एंटर मारण्याआधी 'पीडब्ल्यूडी' टाकून आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते बघा.