सहलीचं संमतीपत्र वेळेत परत हवंय?

संमतीपत्र शुक्रवारी द्या आणि सोमवारी मागा. मध्ये रविवार आला की आईवडील दोघंही घरी सापडतात. आठवडाभराची मुदत दिली तर कागद दप्तराच्या तळाशी, डब्याखाली चुरगळून जातो.

कागद अर्ध्या पानाचाच असावा. मुलाचं नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक शाळेनंच आधी लिहून ठेवावा. पालकांकडे फक्त सही आणि फोन नंबर उरावा. ‘पाठवणार’ आणि ‘पाठवणार नाही’ अशा दोन्ही चौकटी हव्यातच. नकार द्यायचा असलेले पालक कागदच परत करत नाहीत, आणि आपण वाट बघत बसतो. पैशाची अडचण असेल तर तेही सांगायला एक ओळ ठेवा, लाज न वाटता लिहिता येईल अशी.

इंग्रजी माध्यमाची शाळा असली तरी मजकूर मराठीतही द्या. आईवडील ऊसतोडीला गेलेले असतील तर आजीआजोबांच्या हाती कागद असतो. तिथं शिक्षकांनी आईवडिलांना स्वतः फोन करून विचारावं.

सोमवारी हजेरीच्या वेळीच कागद गोळा करा. राहिलेल्या पालकांना त्याच संध्याकाळी एकेकट्याला निरोप पाठवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावांची यादी टाकू नका, माणसं दुखावतात.