ग्रीन कार्डचा अर्ज टाकलाय? तिकीट काढायच्या आधी थांबा

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकताना तिथल्याच नागरिकाशी लग्न झालं, की आय-१३० (जोडीदाराने नात्यासाठी भरायचा) आणि आय-४८५ (तुमचा स्वतःचा ग्रीन कार्डचा) हे दोन्ही अर्ज एकत्र भरता येतात. भरा, पण लगेच मामेबहिणीच्या लग्नासाठी पुण्याचं तिकीट काढू नका. ॲडव्हान्स परोल, म्हणजे अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात येण्याआधी अमेरिका सोडलीत, तर आय-४८५ तुम्हीच सोडून दिला असं धरतात आणि फीही बुडते. पासपोर्टवरचा एफ-१ चा व्हिसा चालू असला तरी इथे तो कामाचा नाही. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यातून सूट आहे; त्यामुळे ऑफिसातला मित्र ‘मी तर जाऊन आलो’ म्हणाला, तर त्याचा व्हिसा कोणता ते आधी विचारा. परोलसाठीचा आय-१३१ त्याच पाकिटात घाला.

आणि हो, अर्जाला जोडायचा जन्मदाखला. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा बरेचदा कोरीच असते. आईबाबांना नगरपालिकेत पाठवून नाव आधीच घालून घ्या. नोंदच सापडली नाही तर तसं लेखी घ्या. जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर हवंच, भाषांतर करणाऱ्याच्या सहीसकट.