फायरवॉलवर अनेक सार्वजनिक पत्त्यांसाठी नॅटची मांडणी

नॅट म्हणजे फायरवॉलमधून जाणाऱ्या पॅकेटमधील पत्ता बदलणे; त्यामुळे आतल्या सर्व्हरला सार्वजनिक पत्ता देता येतो. सेवा पुरवठादाराकडून २०३.०.११३.८/२९ असा सार्वजनिक आयपी पत्त्यांचा पट्टा मिळाला, की त्यातील आठ पत्त्यांपैकी पहिला व शेवटचा बाजूला ठेवून, .९ राउटरला आणि .१० फायरवॉलला दिल्यावर .११ ते .१४ हे चार पत्ते आपल्या हाती उरतात.

हे पत्ते आपल्यापर्यंत कसे पोहोचतात, ते आधी विचारून घ्यावे. पुरवठादाराने त्यांची पॅकेट थेट फायरवॉलकडे पाठवण्याची सोय केली असेल, म्हणजे ते फायरवॉलकडे राउट केलेले असतील, तर प्रश्नच नाही; पण ते राउटरच्याच नेटवर्कमध्ये असतील, तर त्यांच्यासाठी येणाऱ्या एआरपी विचारणांना (‘हा पत्ता कोणत्या उपकरणाचा?’ अशा प्रश्नांना) फायरवॉलनेच उत्तर द्यायला हवे, आणि त्यासाठी ते बाहेरच्या इंटरफेसवर जादा पत्ते म्हणून नोंदवावेत. नियम अचूक असूनही एकही पॅकेट येत नाही, तेव्हा बहुधा हीच पायरी राहिलेली असते.

मेल सर्व्हरला, समजा १९२.१६८.१.२० ला, .११ हा पत्ता एकास एक नॅटने, म्हणजे येताना व जाताना दोन्ही वेळा तोच बदलून, द्यावा. केवळ पोर्ट फॉरवर्डिंग (ठरावीक पोर्टवर बाहेरून येणारी जोडणी आत वळवणे) केल्यास मेल .११ वर येईल, पण .१० वरून बाहेर जाईल, आणि उलट डीएनएस नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) जुळत नसल्यास समोरचा सर्व्हर मेल नाकारू शकतो. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सवरील फायरवॉलचे साधन) या नॅटचा बाहेर जाण्याचा नियम सर्वसाधारण मास्करेडच्या, म्हणजे आतल्या सर्वांना फायरवॉलचाच पत्ता देणाऱ्या नियमाच्या, वर लिहावा. तसेच तिथे गंतव्य पत्ता आधी बदलतो व गाळणी (पॅकेट सोडायचे की अडवायचे याचे नियम) नंतर लागते, म्हणून परवानगीच्या नियमात आतला पत्ताच द्यावा आणि पोर्ट २५ सारखी आवश्यक तेवढीच पोर्ट उघडावीत.

चाचणी बाहेरच्या नेटवर्कवरूनच करावी.