भंगारातून लोहारकी शिकताय? या चुका टाळा

कोल्हापुरात लोखंडाला तोटा नाही. उद्यमनगरात कुठल्याही गल्लीत शिरा, लेथच्या पायाशी शाफ्टचे तुकडे पडलेले दिसतील. शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला कारखान्यांच्या मागं ढीग लागलेले असतात. ट्रकचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), बेअरिंगा, जुन्या ऑइल इंजिनांचे भाग भंगारवाल्याकडे किलोवर मिळतात. त्यामुळं व्हिडिओ बघून घरामागं भट्टी लावायचं मनावर घेतलेल्या पोरांची इथं चंगळ आहे. अडचण एवढीच की हे गाव मुख्यतः ओतकामाचं आहे. सहज हाताला लागतं ते ओतकामाचं सामान, आणि पोरं त्यावर घडाई करायला जातात. "काका, हे असं का झालं?" म्हणत माझ्याकडं जे तुटकं-फुटकं येतं, त्यातल्या बहुतेकाचं मूळ इथंच असतं.

बीडाची (ओतीव लोखंडाची) ऐरण

यावर मी इतक्यांदा बोललोय की आता घरचे हसतात. तरी पुन्हा सांगतो.

कळंब्याचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा. मामा फाउंड्रीत कामाला. मामानं हौसेनं पॅटर्न करून घेतला आणि भाच्याला शिंगासकट (पुढच्या निमुळत्या टोकासकट) ऐरण ओतून दिली. वर हिरवा रंग, बाजूला नाव कोरलेलं. फोटो आला तसं मी विचारलं, "ग्रे आयर्न आहे का रे?" उत्तर आलं, "काका, चाळीस किलो आहे!" वजन मी विचारलंच नव्हतं.

पहिल्याच रविवारी गड्यानं ईएन ८ चा, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाचा, बार कडेवर ठेवून काटकोनात वळवायला घेतला. तोही दोन हाती घणानं. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला ऐरणीचा कोपरा उडाला आणि वडिलांच्या गाडीचा हेडलाइट फोडून गेला. तो तुकडा डोळ्यात गेला असता तर पुढचं काही लिहायची गरजच नव्हती. त्यानंतर महिनाभरात ऐरणीचं तोंड खड्ड्यांनी भरलं आणि शिंग बुडातून तुटलं. मामा आता दुसरी ओतून देतो म्हणतोय.

बीडात, म्हणजे याच ग्रे आयर्नमध्ये, कार्बन असतो तो ग्राफाइटच्या पातळ पत्र्यांच्या रूपात पसरलेला. प्रत्येक पत्रा म्हणजे आतली तयार चीरच. दाब सोसायला बीड उत्तम आणि कंपनं जिरवायला त्याहून उत्तम, म्हणून तर लेथचा बेड बीडाचा करतात. पण ऐरणीनं ठोका जिरवून कसं चालेल? तिनं तो परत द्यायला हवा. बीडावर तुम्ही घामाघूम होता आणि तापलेला तुकडा जागचा हलत नाही. एसजी आयर्न एवढं ठिसूळ नसतं, त्यात ग्राफाइटच्या गोळ्या असतात. पण तेही मऊच, तोंड दबतंच.

जुनी ऐरण घेताना खिशात बेअरिंगची गोळी ठेवा. दहा इंचांवरून सोडा. सात-आठ इंच उसळली तर भाव करा. दोन-तीन इंचांवर बसली तर चहा पिऊन परत या, मग विकणारा तिला ब्रिटिशकालीन म्हणो नाहीतर आणखी काही.

मी नवशिक्याला एकच सांगतो: ईएन ८ च्या जाड शाफ्टचा तुकडा बघ. पाच इंच व्यासाचा, फूटभर उंचीचा तुकडा तीस किलोच्या आसपास भरतो. तो उभा करायचा आणि बाभळीच्या ओंडक्यात खाच पाडून घट्ट बसवायचा. सरळ उभं राहिल्यावर मुठीची बोटं जिथं येतात तिथं त्याचं तोंड यावं. झाली ऐरण. शिंग नाही म्हणून नाराज होणाऱ्यांनी रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांचं काम एकदा बसून बघावं. जमिनीत रोवलेला बारका ठोकळा, त्यावर कुऱ्हाडीपासून खुरप्यापर्यंत सगळं निघतं. ठोक्याच्या बरोबर खाली लोखंडाची खोली पाहिजे, बाकी सगळी शोभा.

रेल्वेच्या रुळाचा तुकडाही चांगला, पण आडवा टाकून त्यावर बडवू नका, मधली पट्टी बारीक असते. उभा करा. आणि पावतीशिवाय घेऊ नका. रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि चोरीचा माल जवळ सापडणं हाच त्यात गुन्हा आहे. "भंगारवाल्यानं दिला" हे उत्तर तिथं पुरत नाही.

फाउंड्रीचा कोक

हीसुद्धा ओळखीतून आलेली भेट. क्युपोलासाठी (बीड वितळवायच्या भट्टीसाठी) आणलेल्या हार्ड कोकचे मुठीपेक्षा मोठे गोळे पोत्यात भरून आणायचे, ट्रकच्या ब्रेक ड्रमच्या भट्टीत रचायचे आणि खालून हेअर ड्रायर लावायचा. मग दोन तास धूर, आणि शेवटी मला फोन. हार्ड कोक सावकाश पेटतो आणि वारा थांबला की मान टाकतो. तुम्ही पाणी प्यायला गेलात की आग गेलीच. वापरायचाच असेल तर सुपारीएवढे तुकडे करा, आधी लाकडी कोळशाची चांगली आग करा आणि मग कडेनं थोडा थोडा आत ढकला. पण माझं मत विचाराल तर पहिले काही महिने इस्त्रीवाले वापरतात तो लाकडी कोळसाच बरा. लवकर संपतो, खर्च होतो, हे खरं. पण आग तुमचं ऐकते.

वारा जास्त मारला की भट्टी तापते असा एक समज आहे. वारा जास्त झाला की लोखंडावर खपल्या चढतात आणि मग ते सरळ जळायला लागतं. तुकड्यातून पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या की पोरं खूश होऊन व्हिडिओ काढतात. तेवढा भाग कापून टाकायचा असतो, तो आता कशाच्याच कामाचा नाही.

जुलैत पाऊस लागला की भट्टी उचलून बंद गॅरेजमध्ये नेणारे असतात. कोळशाच्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. पाऊस असेल तर काम बंद ठेवा. ऊस तोडायला अजून वेळ आहे.

पाट्याला पाणी

दुसरं माझं दुखणं हे. लोहार कोयत्याला पाणी देतो, म्हणजे धार कडक करतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणजे तापलेलं पातं पाण्यात गेलं आणि छिस्स आवाज आला, एवढंच पाहिलेलं असतं. त्यानं फक्त धारेची बाजू बुडवली, ती वरखाली हलवत ठेवली, बाहेर काढून विटेवर घासून चकचकीत केली, मग पाठीतली उष्णता धारेकडं येताना फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग सरकताना बघितले आणि नेमक्या रंगाला पुन्हा बुडवलं, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. आणि हातात कोणतं पोलाद आहे हे त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीनं माहीत असतं.

हातकणंगल्याकडचा एक जण पाट्याचा कोयता करून घेऊन आला. घडाई खरंच चांगली होती, मूठ बसवायची शेपटी सुद्धा सरळ. "आता तुमच्यासमोरच पाणी देतो" म्हणाला. स्वतःची बादली आणली होती आणि तीत बर्फ. पाणी जेवढं गार तेवढी धार कडक, असं कुणीतरी सांगितलेलं. मी थांब म्हणेपर्यंत लालभडक कोयता मुळापर्यंत बादलीत. टिण्ण असा बारीक आवाज आला. पुसून बघितलं तर धारेपासून पाठीकडं जाणारी केसाएवढी चीर. त्याला वाटलं ओरखडा आहे, कानशीनं जाईल. मी ऐरणीवर हलकेच आपटला आणि दोन तुकडे त्याच्या हातात दिले. वाईट वाटलं, पण हा कोयता उसाच्या फडात कुणाच्या पायाजवळ तुटण्यापेक्षा बरं.

आपल्याकडचे ट्रकचे पाटे साधारणपणे सिलिकॉन-मँगनीजच्या स्प्रिंग स्टीलचे असतात. त्यांना तेल लागतं. साधं खायचं तेल चालतं, बोट सोसेल-न सोसेल इतकं कोमट केलेलं. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याला नीट भिडतं. गाडीचं काळं जळकं ऑइल नको, त्याचा धूर छातीत घेण्यासारखा नसतो. भांडं लोखंडी, झाकण हाताशी. तेलानं पेट घेतला तर झाकण घालायचं, पाणी ओतायचं नाही.

किती तापवायचं यासाठी दोरीला चुंबक बांधून ठेवा. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला धरत नाही. तिथून जरा वर न्यायचं आणि तेलात घालायचं. हे काम भर दुपारी उन्हात करू नका, उन्हात रंग कळत नाही आणि तुकडा हमखास जास्त तापतो. तेलातून काढल्यावर लगेच पुन्हा हलकं तापवून ताठरपणा उतरवायचा. चाकूला ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास तासभर, दोनदा. कोयत्याला याहून वर, जांभळा-निळा येईपर्यंत.

हे सगळं वस्तूवर करण्याआधी त्याच पाट्याचा बोटभर तुकडा कापा, तसाच तापवा, तेलात घाला आणि व्हाइसमध्ये धरून मोडा. मोडलेली बाजू राखाडी, मखमली दिसली तर जमलं. साखरेसारखे दाणे चमकले तर फार तापवलंत. अर्ध्या तासाचं काम आहे. ते टाळण्यासाठी लोक चार रविवारची मेहनत बादलीत घालतात, याचं मला अजून कोडं आहे.

आणि पाटा जुना असेल तर आधीच आतून चिरलेला असू शकतो. ट्रकखाली लाखो हेलकावे खाल्लेत त्यानं. लाल करून नीट बघा, चीर काळ्या रेषेत दिसते.

ओळख न पटलेलं लोखंड

ग्राइंडरवर ठिणग्या बघायची सवय लावा. साध्या लोखंडाच्या लांब, सरळ. जास्त कार्बन असेल तर चाकाजवळच फुटून फांद्या निघतात. बीडाच्या आखूड आणि लालसर. माझ्या फळीवर खिळा, पाटा आणि मोडकी कानस कायम असतात. नवा तुकडा आला की या तिघांशी ताडून बघतो.

बांधकामाच्या सळईचा चाकू करू नका. तिच्यात कार्बन कमी, धार टिकत नाही. हूक, कड्या, सांडशी यांना ती झकास.

बीडाचा तुकडा भट्टीत घालून ठोकू नका. भुगा होतो.

जीआय पाइप, गॅल्व्हनाइझ केलेले बोल्ट, पत्रा, जस्ताचा थर असलेलं काहीही भट्टीत नको. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि भट्टी त्याच्या कितीतरी वर असते. पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. हे गमतीवारी घेणारे भेटतात, मी त्यांना भट्टीजवळ उभं करत नाही.

गाडीचा शॉकअब्सॉर्बर कधीच तापवू नका. बंद नळीत तेल आणि वायू असतो, ती फुटते. त्याचा चकचकीत रॉडही नको, वरच्या क्रोमचा धूर विषारी आहे.

बाकी किरकोळ. नदीतला दगड किंवा ओली वीट भट्टीला लावू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतात. बीडाच्या व्हाइसवर घण घालू नका. जुन्या छिन्नीचं डोकं पसरून फुललेलं असेल तर आधी घासून काढा. हातोडा एक किलोचा पुरे. जड हातोड्यानं ताकद दिसते, काम दिसत नाही. त्याच्या तोंडाच्या कडा गोल करा, म्हणजे कामावर अर्धचंद्र उमटणार नाहीत. लाली गेली की ठोकणं थांबवा. टेरिकॉटचा शर्ट नको. आणि पायताण कितीही अस्सल कोल्हापुरी असलं तरी भट्टीपुढं बूट घाला.

पहिलीच वस्तू तलवार करायची म्हणणारे आठवड्याला एक तरी भेटतात. शेती-घरकामासाठी नसलेलं, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं हत्यार १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत येतं आणि बनवायलाही परवाना लागतो. आधी खिळा कर, मग हूक, मग स्वतःची सांडशी. एवढं ऐकून निम्मे परत येत नाहीत, हेही ठीकच.

सांडशी सळईची केलीत तर काम करताना तापल्यावर पाण्यात बुडवून गार करता येते. पाट्याची केलीत तर बुडवू नका. तोंड लाल झालेलं असलं तर ते पाण्यात कडक होतं आणि नेमकं लाल तुकडा धरलेला असतानाच मोडतं. तिला बाजूला ठेवा आणि हाताशी दुसरी असू द्या.