हॅन्डलचा ऑर्गन कन्चेर्तो कसा ऐकावा

ऑर्गन म्हटले की चर्चमधली प्रार्थना आठवते. अठराव्या शतकातला संगीतकार हॅन्डल याचे ऑर्गन कन्चेर्तो, म्हणजे ऑर्गन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, मात्र लंडनच्या नाट्यगृहांत, ऑरेटोरिओच्या (बहुधा धार्मिक कथेवरच्या, अभिनयाविना गायच्या मोठ्या रचनेच्या) अंकांमधल्या वेळात वाजत असत आणि ऑर्गनवर स्वतः हॅन्डलच बसत असे. म्हणून ते ऐकताना कान मैफलीचा ठेवावा. सुरुवातीला ४ एप्रिल १७३९ रोजी ‘इस्राएल इन इजिप्त’ या ऑरेटोरिओसोबत प्रथम सादर झालेला, ‘ककू आणि नाइटिंगेल’ या दोन पक्ष्यांवरून पडलेल्या टोपणनावाने ओळखला जाणारा एफ मेजरमधला कन्चेर्तो घ्यावा.

ध्वनिमुद्रण निवडताना लहान ऑर्गन आणि मोजकी तंतुवाद्ये असलेले पाहावे. त्या काळच्या इंग्लिश ऑर्गनांना बहुधा पायपट्ट्या (पायाने वाजवायच्या पट्ट्या) नसत. कॅथीड्रलमधल्या अजस्र ऑर्गनवर हे संगीत, माझ्या मते, उगाच जड होते.

पहिल्या वेळी फक्त वाद्यवृंदाच्या मुखड्याकडे लक्ष द्यावे: तो कधी परततो, आणि परतताना पूर्ण येतो की तुकड्याने. ऑर्गनची पट्टी जोरात दाबली म्हणून स्वर मोठा होत नाही. त्यामुळे छायाप्रकाशाचे बरेचसे काम या आलटून-पालटून वाजण्यातूनच होते.

दुसऱ्या वेळी पक्षी शोधावेत. ते दुसऱ्या, जलद भागात आहेत. इथे आपल्या कानाची फसगत होते, कारण आपला कोकीळ ‘कुहू’ करताना स्वर चढवत नेतो, तर युरोपातला ककू वरच्या स्वरावरून, मधला एक स्वर गाळून, खाली उतरतो. ही दोन स्वरांची उतरण एकदा सापडली की ती पुन्हापुन्हा ऐकू येते.

यानंतर त्याच कन्चेर्तोची दुसऱ्या वादकाची प्रत ऐकावी. हॅन्डलने काही ठिकाणी स्वर न लिहिता ‘अॅड लिबिटम’, म्हणजे मर्जीप्रमाणे वाजवावे, एवढीच सूचना दिली आहे. तिथे कोणी चार स्वरांत आटोपते, कोणी ऐसपैस विस्तार करते. दोन्ही प्रती नेमक्या त्या जागी थांबवून ताडून पाहाव्यात. दृष्टी गेल्यावर हॅन्डल ऑर्गनचे भाग ऐनवेळी सुचेल तसे वाजवी, आणि त्याने सुरावर कंप (ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांवरची जलद आंदोलने) धरला की साथीदार ती खूण ओळखून आपला मुखडा उचलत. असा कंप ध्वनिमुद्रणातही ऐकू आला, तर पुढच्या क्षणी तंतुवाद्ये येतात का, हे जरूर पाहावे.