गेमिंग पीसी जोडताय? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

माझं काम सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मोटारी रिवाइंड करायचं. कॉम्प्युटरच्या नादाला लागलो ते भाच्यामुळे. बारावी झाल्यावर त्यानं मागणी केली, "मामा, मॉनिटर सोडून पन्नास हजारांत गेमिंग पीसी बसव." ताईनं शिलाईचे साठवलेले पैसे माझ्याकडे दिले, मी ते एका दुकानात दिले. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, फुकट मिळतोय म्हटल्यावर मला बरंच वाटलं.

तिसऱ्या महिन्यापासून गेम रंगात आला की पीसी आपोआप बंद पडायला लागला. मे महिन्यात एका संध्याकाळी कॅबिनेटमधून जळक्या वार्निशचा वास आला. तो वास मला रोजचा आहे, दारातूनच ओळखला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. ग्राफिक्स कार्ड तेवढं वाचलं.

एसएमपीएस टेबलावर घेऊन चष्मा लावून लेबल वाचलं. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक तक्ता, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही जेवतात ते या १२ व्होल्टवरच. भाच्याच्या पीसीत आरएक्स ६६०० कार्ड होतं, ते एकटं १३२ वॅट खातं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर पूर्ण जोरात असेल तर पंचाहत्तरच्या आसपास. बेरीज तिथंच दोनशेच्या वर गेली, पंखे आणि बोर्ड अजून बाजूलाच. मोटारीची नेमप्लेट वाचल्याशिवाय मी वायरला हात लावत नाही, आणि इथं लेबल न वाचता पैसे मोजून आलो होतो.

तेव्हापासून ओळखीतल्या पाच-सहा पोरांचे पीसी जोडून दिले. प्रत्येकाला पहिली गोष्ट हीच सांगतो: दुकानात एसएमपीएस हातात घ्या आणि १२ व्होल्टचे अँपिअर बघा. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर ते ४५ च्या आसपास लिहिलेले असतात, म्हणजे ५४० वॅट खरोखर १२ व्होल्टवर मिळतात. ८० प्लस ब्रॉन्झ हा कार्यक्षमतेचा शिक्का असलेला घ्या. अर्ध्या लोडवर तो ८५ टक्के कार्यक्षमतेनं चालतो, बाकीची उष्णता. पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका, वॉरंटी किती वर्षांची ते विचारा. तीन वर्षांच्या खालचा मी घेत नाही. शक्य असेल तर हलका आणि चांगला असे दोन एसएमपीएस दोन हातांत धरून बघा. तांबं आणि हीटसिंक कुठं वाचवलंय ते वजनच सांगतं.

आता बाकीचे पार्ट. सुरुवात गेमपासून करा, कारण पैसे तिथं ठरतात. पोरगा मुख्यतः व्हॅलोरंट खेळणार असेल तर फार मोठं कार्ड लागत नाही. मोठे, नवीन, गोष्टीवाले गेम खेळायचे असतील तर कार्डावर जोर द्या. बीजीएमआय हा फोनचा गेम आहे, त्यासाठी पीसी घ्यायला निघालेल्या एका बापाला मी परत पाठवलंय.

मॉनिटर सोडून जे बजेट असेल त्यातले शंभरातले चाळीस रुपये ग्राफिक्स कार्डाला ठेवा. १०८० पिक्सेलच्या पडद्यासाठी ८ जीबी मेमरीचं कार्ड बघा. आरएक्स ६६०० मला अजूनही या किमतीत आवडतं, एका ८ पिनच्या केबलवर चालतं. आरटीएक्स ३०५० घेताना डोळे उघडे ठेवा. त्याच नावाचं ८ जीबीचं वेगळं आणि ६ जीबीचं वेगळं कार्ड आहे. ६ जीबीवालं ७० वॅटचं, जास्तीची केबल न लागणारं, पण ताकदीनंही कमी. खोक्यावर दोघांचं नाव एकच. आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबीचं आहे आणि मदरबोर्डाशी फक्त चार लेननं, म्हणजे डेटाच्या चार वाटांनी बोलतं, जुन्या बोर्डावर ते आणखी मागं पडतं. ते टाळाच.

सेकंडहँडबद्दल बरेच विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. त्यातलं कार्ड वाईटच निघेल असं नाही, पण समोर लावून पंधरा-वीस मिनिटं पूर्ण लोडवर चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आरएक्स ५८० घेताना २०४८ एसपी असं लिहिलंय का बघा. ते मूळ ५८० पेक्षा कमी ताकदीचं आहे.

प्रोसेसरवर फार वेळ घालवू नका. रायझन ५ ५६०० किंवा इंटेल आय-५ १२४००एफ, दोन्ही सहा कोअर बारा थ्रेडचे, जो स्वस्त मिळेल तो घ्या. दोघांतही चित्र दाखवायची सोय नाही, कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो. सध्या कार्डाला पैसेच नसतील तर ती सोय असलेला रायझन ५६००जी घेऊन हलके गेम सुरू करा, कार्ड दिवाळीला. मदरबोर्ड बी४५० चा आणि दुकानात जुना पडलेला असेल तर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करूनच द्या असं दुकानदाराला सांगा, नाहीतर ५००० सिरीजचा प्रोसेसर तो ओळखत नाही. डीडीआर४ च्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते.

रॅम १६ जीबी, पण एक पट्टी १६ ची नको, ८ च्या दोन. चार खाचांच्या बोर्डवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. साठवणीसाठी एसएसडी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारातली घ्या, ५०० जीबी चालेल, जमलं तर एक टीबी, कारण शंभर जीबीच्या पुढचे गेम आता नेहमीचे झालेत.

कॅबिनेटला पुढून जाळी हवी. काचेचं बंद तोंड आणि रंगीत दिवे दिसायला छान, पण आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन चाळीसला टेकतं, हवा आत यायला वाट पाहिजे. मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या एकाचा पीसी उघडला तर पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर, हळदीची धूळ. जाळीमागं काढून झटकता येईल असा फिल्टर असलेलं कॅबिनेट त्याला दिलं.

आणि अर्थिंग. ताईचं घर सांगलीच्या गावभागात, जुनं. पीसी दुरुस्त होऊन आला तरी कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या. मल्टिमीटर लावला. सॉकेटमध्ये न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट असावेत आणि फेज ते अर्थ २३० च्या आसपास. तिथं फेज ते अर्थ १४० दाखवत होता. अर्थची वायर भिंतीतच कुठंतरी तुटलेली. तिसरी पिन होती, पण तिच्यामागं काही नव्हतं. नवी वायर ओढली, कोळसा-मिठाचा खड्डा केला, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाकायला सांगितलं. पार्ट घ्यायच्या आधी ही तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. स्वतः सॉकेटमध्ये तारा घालू नका.

गावभागासारख्या भागात राहणाऱ्यांना आणखी एक: २०१९ च्या महापुराचं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांनी पीसी तळमजल्यावर कायमचा बसवू नये. कोयना धरणाचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की चार केबल काढून कॅबिनेट माडीवर जाईल अशी मांडणी ठेवा.

खरेदीला पुण्याच्या तपकीर गल्लीत जा, ऑनलाइन घ्या किंवा इथंच घ्या, पण प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल घ्या. १८ टक्के वाचवायला कच्च्या पावतीवर घेतलेल्या कार्डाची वॉरंटी मागायला गेलात की हात हलवत परत यावं लागतं. दोन-चारशे रुपयांचा फरक असेल तर मी सांगलीतच घेतो. वस्तू बिघडली तर समोर जाऊन उभं राहता येतं.

जोडून झाल्यावर तीन गोष्टी राहतात आणि हमखास राहतात. मॉनिटरची केबल मदरबोर्डात नाही, ग्राफिक्स कार्डात लावायची. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानं चालत राहते. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ निवडायचं. भाच्याचा दोन महिने ६० वरच चालू होता. मी ते बदललं आणि तो गेम न उघडता नुसता माऊस पडद्यावर इकडून तिकडं फिरवत बसला.